गुळाला विटकरी रंग, मग साखरेला का नाही?

प्रश्न: आमच्या भाऊबंदांचे गुऱ्हाळ आहे. तिथला गूळ पाण्यात विरघळवून, त्यात बेनेडिक्ट द्रावण (शर्करा ओळखण्यासाठी वापरतात ते निळे द्रावण) घालून तापवले, तेव्हा तळाशी विटकरी साका बसला. साखरेच्या पाण्याचा निळा रंग मात्र तसाच राहिला. दोन्ही उसाचेच असताना असे का व्हावे? गुळातील अशुद्धतेमुळे हे होते, असे मैत्रिणी म्हणतात. ते बरोबर आहे का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, निपाणी परिसर

उत्तर: तुमचे निरीक्षण अचूक आहे, पण अशुद्धता हे त्याचे कारण नव्हे. बेनेडिक्ट द्रावणातील निळे कॉपर आयन शर्करेकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि विटकरी क्युप्रस ऑक्साइड तयार होते. त्यासाठी शर्करेच्या रेणूचे वलय उघडावे लागते. पाण्यातील ग्लुकोजचे सुमारे 36 टक्के रेणू अल्फा आणि 64 टक्के बीटा वलयरूपात असतात. उघड्या साखळीतले रेणू एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. तरीही वलय सतत उघडत-मिटत असल्यामुळे, उघडे रेणू क्रियेत खर्ची पडले की त्यांच्या जागी नवे उघडतात आणि चाचणी पूर्ण होते. फ्रुक्टोज कीटोन गटाची शर्करा असूनही हीच चाचणी देते, कारण द्रावणातील अल्कलीमुळे तिच्या रेणूची अंतर्गत फेररचना होते.

आता साखर, म्हणजे सुक्रोज, पाहा. ग्लुकोजचे वलय पहिल्या कार्बनपाशी उघडते, तर फ्रुक्टोजचे दुसऱ्या. सुक्रोजमध्ये नेमके हेच दोन कार्बन ऑक्सिजनच्या एका अणूने परस्परांना जखडलेले असतात, म्हणून दोन्हींपैकी एकही वलय उघडू शकत नाही. दुधातील लॅक्टोजमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू सुक्रोजइतकेच असतात, पण त्यातील ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळा असल्यामुळे लॅक्टोज विटकरी रंग देते. कर्बोदके शिकताना रेणुसूत्र पाठ करण्यापेक्षा कोणता कार्बन कोणाशी जोडला आहे, हे कागदावर काढून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

मग गुळात मोकळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज येतात कुठून? थोडे उसातच असतात. तोडलेला ऊस शिळा होत गेला की त्यातील इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडू लागते, आणि रस मुळात किंचित आम्लधर्मी असल्यामुळे काहिलीत उकळतानाही ही फोड चालूच राहते. गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो ती मळी वर आणण्यासाठी, तशीच ही आम्लता कमी करण्यासाठी. ज्या गुळात या मोकळ्या शर्करा अधिक, तो हवेतील ओल लवकर शोषतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ढेप पाघळते, त्यामागे हेही एक कारण आहे. साखर कारखान्यात सुक्रोजचे स्फटिक वेगळे काढले जातात आणि या शर्करा मळीत, म्हणजे उरलेल्या दाट काकवीसारख्या द्रवात (मोलॅसिसमध्ये), राहून जातात. गुळात तसे वेगळे काढणे नसते.

साखरेवर हे पडताळण्यासाठी तिच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून ते पाच मिनिटे उकळा. थंड झाल्यावर फसफस थांबेपर्यंत त्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा घाला. बेनेडिक्ट द्रावणाला अल्कली माध्यम लागते, त्यामुळे ही पायरी गाळलीत तर निष्कर्ष चुकेल. त्यानंतर बेनेडिक्ट द्रावण घालून पुन्हा तापवा. तोच विटकरी साका आता साखरेच्या परीक्षानळीतही बसलेला दिसेल.