बोनस घेऊन जानेवारीत यावं का?

पुण्यातली नोकरी, इथे नेदरलँड्समधल्या आयंडहोवनच्या कंपनीची ऑफर, नोव्हेंबरात तिशी, आणि दिवाळीचा बोनस पदरात पाडून जानेवारीत रुजू व्हायचा विचार. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. बोनस सोड, जुलैत ये.

सगळ्यात मोठं कारण तुझा वाढदिवस. नेदरलँड्सच्या 'हायली स्किल्ड मायग्रंट' (परदेशी कुशल कर्मचाऱ्यांच्या) परवान्याला किमान पगाराची अट असते. तिशीच्या आतल्यांसाठी ती बरीच खाली आहे, पुढच्यांसाठी वर. तिशीआधी आलास तर त्याच कंपनीत असेपर्यंत खालचीच अट लागू राहते. (पुढे कंपनी बदललीस की वरची.) तुझी ऑफर या दोन आकड्यांच्या मधे असेल आणि अर्ज वाढदिवसानंतर गेला, तर कंपनीनं एकतर पगार वाढवायचा, नाहीतर हात वर करायचे. काय करतील ते तूच ओळख.

दुसरं भारतातल्या कराचं. नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी ठरतो, आणि नेदरलँड्समधल्या पगारावर भारतात कर लागत नाही. १ एप्रिलपासून मोजलंस तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. 'गणपती करून निघतो' म्हणणारे काहीजण या काठावर विमानात बसतात आणि दिवाळीला घरी गेले की गणित फसतं, कारण ते दिवसही त्यातच धरतात. जुलैत निघालास तर दिवाळीला बिनघोर जाऊन ये.

घर शोधायलाही ऑगस्टअखेरच्या आधीच ये. नंतर विद्यापीठाच्या मुलांची खोल्यांसाठी झुंबड उडते.

परदेशातून आणलेल्या नोकरदारांना इथे करसवलत मिळते: पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत भाग करमुक्त, २०२७ पासून २७. ती हवी तर करारावर सही भारतात असतानाच कर. रुजू झाल्यापासून ४ महिन्यांत अर्ज गेला तर सवलत पहिल्या दिवसापासून मिळते, नाहीतर मागचे महिने बुडाले. अर्ज एचआर भरतं, पण मागे तूच लाग.

राजीनामा मात्र परवाना मंजूर झाल्यावरच दे. एमव्हीव्हीचा (पासपोर्टवरच्या प्रवेश-व्हिसाचा) स्टिकर ९० दिवस चालतो आणि पुण्यात नोटीसही बहुधा तेवढीच असते, म्हणून स्टिकर नोटीस अर्धी सरल्यावर घे. त्याच काळात जन्मदाखल्याचं अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण) उरकून टाक. इथे नगरपालिकेत नोंदणीला तो मागतात, आणि इथून ते काम करून घेणं फार कटकटीचं.