वाचकांचे प्रश्न : ब्रिज आहे, पण पिंग नाही

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या कार्यालयात लिनक्स सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) ब्रिजवर, म्हणजे त्यांना नेटवर्क कार्डाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचवर, चालतात. त्याच सर्व्हरवर डॉकर (कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) बसवल्यापासून त्यांचा सर्व्हरशी संपर्क होतो, राउटरशी मात्र होत नाही. केबल आणि स्विच बदलून पाहिले. काय करावे?

उत्तर : स्विचचा खर्च वाया गेला, असे खेदाने म्हणावे लागते. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन) लावून व्हर्च्युअल मशीनमधून राउटरला पिंग करून (संपर्क तपासणारा संदेश पाठवून) पाहा. राउटरच्या आयपी पत्त्यावरून त्याचा हार्डवेअर पत्ता विचारणारा एआरपीचा प्रश्न बाहेर जाताना आणि त्याचे उत्तर परत येताना दिसेल, परंतु पिंगचे एकही पॅकेट दिसले नाही, तर ब्रिज शाबूत असून अडवणूक आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पॅकेट गाळणाऱ्या नियमांत, होत आहे, असे समजावे. डॉकर फॉरवर्ड साखळीचे (सर्व्हरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीचे) मूळ धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून देणे, असे ठेवतो आणि बीआर-नेटफिल्टर हे मोड्यूल सुरू असल्यास ब्रिजवरची आयपी पॅकेटेही त्याच चाळणीतून जातात. एआरपी तिच्यात येतच नाही, म्हणून ते सुटते. ही चाळणी ब्रिजपुरती बंद करता येते, पण डॉकरच्या काही नियमांना तिचा आधार लागत असल्याने मी तसे करणार नाही. त्याऐवजी ‘डॉकर-युजर’ या वापरकर्त्याच्या स्वतःच्या नियमांसाठीच्या साखळीत आपल्या ब्रिजवरून येऊन त्याच ब्रिजवर जाणाऱ्या पॅकेटांना परवानगी द्यावी. नियम कायमस्वरूपी जतन करावा, अन्यथा सर्व्हर पुन्हा सुरू होताच तो नाहीसा होईल.