पिकअप खाली बसवायची आहे, पण धक्के नकोत. इसुझूच्या व्ही-क्रॉसला काय करावं?

पुढून इंच, फार तर दीड इंचावर थांबा. पुण्यातले स्पीडब्रेकर बघता त्याहून खाली जाऊ नका.

व्ही-क्रॉसला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं काम वेगळं. पुढची स्प्रिंग कापून किंवा तापवून बसवू देऊ नका, अगदी ओळखीचा मिस्त्री म्हणाला तरी. तयार लोअरिंग स्प्रिंगच घ्या. मागे पाटे ॲक्सलच्या वर आहेत, म्हणून दोन्हींच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा) टाकला तर गाडी उलट उंच होईल. ॲक्सल पाट्यांच्या वर घेतला तर ती एकदम पाच-सहा इंच बसते; रोजच्या वापराला ते नकोच. पाट्यांची संख्या तीच ठेवून कमी कमानीचे नवे पाटे बनवून घेणं उत्तम. पाटा काढला की गाडी मऊ लागते, पण माल भरला की मागून लोळते.

खरा धक्का येतो बंप स्टॉपमुळे, म्हणजे ॲक्सल फार वर आला की त्याला अडवणाऱ्या रबरामुळे. गाडीखाली वाकून बघा: ॲक्सल आणि वरचा हा रबर यांच्यातली जागा कमी उरली, तर प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल त्यावर आदळणार. तिथे आखूड, हळूहळू दबणारा रबर लावा. शॉकॲब्सॉर्बरही नव्या उंचीला जुळणारेच हवेत. जुने लांब शॉक पूर्ण दबून आतून फुटतात. पैसे वाचवायचे तर अलॉय व्हीलवर वाचवा, शॉकवर नको.

शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारून घ्या.