पावसात डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लागतात, मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेला. बदलू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १० हजार किलोमीटर. पाऊस सुरू झाल्यापासून चालत्या गाडीत एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि चेक इंजिन हे तिन्ही दिवे एकत्र लागतात, स्पीड आणि आरपीएमचे काटे शून्यावर पडतात, पण इंजिन बंद पडत नाही. पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक होतं. स्कॅनरवर यू ०१०० आणि यू ०१२१ हे दोन कोड आले.

एवढ्यावर ईसीयू बदलू नका. तो शाबूत असल्याचा पुरावा तुमच्याच वर्णनात आहे. आरपीएमचा काटा शून्यावर असताना इंजिन चालू राहतं, म्हणजे त्या क्षणी ईसीयू क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) वाचतोय आणि इंजेक्टर वेळेवर उघडतोय. तो जिवंत आहे, फक्त त्याचा निरोप डॅशबोर्डच्या मीटरपर्यंत पोचत नाही. यू ०१०० चा अर्थ 'इंजिनच्या ईसीयूकडून संदेश येत नाही' आणि यू ०१२१ चा 'एबीएसकडून संदेश येत नाही'. 'ईसीयू खराब' असं या दोन्ही कोडमध्ये कुठेच म्हटलेलं नाही. दोघे एकाच वेळी गप्प होतात, तेव्हा दोघांमध्ये सामाईक काय आहे ते आधी शोधायचं: बॅटरीचा व्होल्टेज, अर्थिंग आणि कॅनच्या, म्हणजे या सगळ्यांचे संदेश नेणाऱ्या लाइनच्या, दोन वायरी.

सुरुवात बॅटरीपासून, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ च्या वर व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत आणि इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसावेत. व्होल्टेज फार खाली गेला की मॉड्यूल (ईसीयू, एबीएससारखे गाडीतले छोटे संगणक) क्षणभर बंद पडतात आणि खोटे यू कोड साठवून ठेवतात. म्हणून सगळे कोड लिहून घ्या, पुसा आणि पुन्हा कोणते येतात ते बघा.

यानंतर अर्थिंग. दहा-बारा वर्षांच्या गाडीत माझा पहिला संशय इथेच असतो. इथे मल्टिमीटर ओहमवर लावून 'कंटिन्युइटी आहे' म्हणणं निरुपयोगी आहे. केबलचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, आणि हेडलाइट लावला की तोच तंतू पुरत नाही. म्हणून लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर चालू. लाल प्रोब आधी बॉडीच्या उघड्या बोल्टवर, मग इंजिन ब्लॉकवर. दोन्हीकडे ०.१ व्होल्टच्या आत रीडिंग हवं. सेल्फ मारताना ब्लॉकवर ०.२ पर्यंत चालेल, पण ०.५ दिसले तर केबल किंवा तिचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) गेलंय हे नक्की.

दोष सापडला तर बोल्ट नुसता आवळू नका. पूर्ण काढा, थिंबलखालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, थिंबलही घासा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. केबल थिंबलजवळ फुगलेली किंवा कडक झाली असेल तर इन्सुलेशन थोडं कापून बघा. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तशीच आतली तांब्याची तार कळकून हिरवी झालेली असते, आणि बाहेरून काही कळत नाही. अशी केबल बदलाच.

अर्थिंग ठीक निघालं तर कॅनकडे या. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात) रुंद बाजू वर धरली, तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खाली ९ ते १६ असे क्रमांक येतात. ६ नंबर कॅन हाय, बरोबर त्याच्या खाली १४ नंबर कॅन लो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा आणि ६ व १४ मधला रोध मोजा. साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेट आणि बाकी गाडी यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल (संदेश पुढे पाठवणारा मधला संगणक) असेल तर मात्र हे माप गेटवेपर्यंतचंच असतं, तेव्हा तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम आधी बघा.

तुमचा दोष येतो-जातो, त्यामुळे कोरड्या दिवशी ६० येतीलच. खरी परीक्षा पुढे आहे. मीटर लावून ठेवा आणि एकाने हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूहळू हलवत जावं: एबीएस युनिटचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), बॅटरी ट्रेखालचा वळसा, इंजिनमधून केबिनमध्ये जाणारं रबरी ग्रोमेट. कुठे हलवल्यावर आकडा उडी मारतो ते टिपा. मग बाटलीने किंवा स्प्रेने एकेका ठिकाणी थोडंसं पाणी मारा. प्रेशर वॉशर वापरू नका, नाहीतर चांगल्या कपलरमध्येही पाणी घुसेल.

पाऊस पडला की दोष येतो, म्हणून तीन जागा विशेष तपासा. एक, वायपरखालची जाळी. झाडाखाली गाडी लावली की पाला कुजून तिथली पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी आत डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सवर उतरतं. पुढच्या दोन्ही पायांकडच्या कार्पेटखाली हात घालून ओल आहे का बघा. दोन, एबीएसचा कपलर. तो काढून पिनांवर हिरवी-पांढरी पूड आहे का आणि कडेचं रबर सील जागेवर आहे का ते पाहा. तीन, उंदीर. पावसात ते इंजिनच्या उबेला येतात, आणि कुरतडलेली वायर कोरडी असेपर्यंत व्यवस्थित चालते.

तुटकी कॅन वायर जोडताना कळकलेला भाग चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. तेवढ्याच जाडीची वायर क्रिम्प जोडाने लावा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. दोन वायरींचे जोड एकाच ठिकाणी आणू नका, चार-पाच सेंटिमीटर पुढेमागे ठेवा आणि दोन वायरींचा एकमेकींभोवतीचा पीळ पुन्हा घाला. हा पीळ बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही वायरींवर सारखा पडावा म्हणून असतो, त्यामुळे तो महत्त्वाचा आहे. इंजिनच्या भागात साधी पीव्हीसी टेप नको, उष्णतेने तिचा गोंद वितळतो. कापडी हार्नेस टेप घ्या.

इतकं करूनही दोष राहिला तरच ईसीयूकडे बोट दाखवता येईल, आणि तेही एका परीक्षेनंतर. बॅटरी काढून ईसीयूचा कपलर सोडवा, मग बॅटरी पुन्हा जोडा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या. कपलरमधल्या प्रत्येक पुरवठ्याच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणि प्रत्येक अर्थ पिनेपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत तो लावा. मेन रिलेतून येणारा पुरवठा ईसीयू जोडल्याशिवाय येत नाही, तिथे रिलेच्या जागी फ्यूज असलेला जंपर घालावा लागतो. बल्ब झगझगीत पेटला तर वायर लोड पेलते. हा बल्ब सेन्सरच्या किंवा कॅनच्या पिनांना चुकूनही लावू नका, आणि पिवळ्या कपलरला तर मुळीच नको, तो एअरबॅगचा असतो. जाड प्रोब पिनेत खुपसू नका. पिन रुंदावते आणि नवा लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

पुरवठा आणि अर्थ दोन्ही चोख असूनही ईसीयू स्कॅनरशी बोलत नसेल, किंवा सगळे सेन्सर सोडवल्यावरही त्यांना लागणारे ५ व्होल्ट देत नसेल, तर दोष आतच आहे. त्याचा कपलर काढल्यावर एबीएस आणि डॅशबोर्डचा मीटर एकमेकांशी बोलू लागले, तर तोच लाइन जाम करतोय. तेव्हाही आधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. जुन्या गाडीतून काढलेला ईसीयू स्वस्त मिळतो, पण त्यातला इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) तुमच्या किल्लीला ओळखत नाही. कोडिंगशिवाय गाडी सुरूच होणार नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी कोडिंग कोण करून देणार हे ठरवून घ्या.