जुन्या स्पीकरला नवा ट्वीटर: सिल्क डोम, मेटल डोम की पुन्हा कागदी कोन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ८ इंची कागदी वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) जुने टू-वे स्पीकर आहेत, एका बाजूचा कोन ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बंद पडलाय, दुसरा वाजतो पण दबलेला वाटतो, आणि आता दोन्हीकडे नवीन टाकायचे तर सिल्क डोम घेऊ, ॲल्युमिनियम डोम घेऊ की पूर्वीसारखाच कागदी कोन घेऊ. शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की "आत क्रॉसओव्हर म्हणून फक्त एक कॅपेसिटर आहे". (क्रॉसओव्हर म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट.) माझ्या मते उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे. डोम कशाचा आहे हे नंतर बघू.

पण आधी ट्वीटर खरंच गेलाय का ते बघा. एक वायर सोडवून मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमच्या चांगल्या ट्वीटरला साधारण ५.५ ते ७ ओहम दिसतात, काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटलीय किंवा टर्मिनलपासून कॉइलकडे जाणारी बारीक वायर निघालीय, आणि ती कधीकधी डाग देऊन जोडता येते. दबलेल्या बाजूला मात्र मला ट्वीटरपेक्षा कॅपेसिटरचा संशय जास्त आहे. जुने नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक कॅपेसिटर आतून सुकतात, व्हॅल्यू सरकते, आतला रेझिस्टन्स वाढतो आणि वरचा आवाज हळूहळू मरतो. त्याच व्हॅल्यूचा नवा कॅपेसिटर लावून ऐका, कदाचित एक ट्वीटर तसाच जिवंत सापडेल. लेव्हलचा नॉब असेल तर तोही तपासा, एआर-३ए सारख्या नावाजलेल्या स्पीकरमध्येसुद्धा आतले पॉट (नॉबमागचे बदलते रेझिस्टर) गंजून ट्वीटर गप्प झाल्याची उदाहरणं ढीगभर आहेत आणि लोक उगाच ट्वीटर शोधत फिरतात. (ज्यांच्याकडे जुने डोम आहेत त्यांच्यासाठी: मॅग्नेटच्या गॅपमधलं फेरोफ्लुइड (चुंबकीय तेल) घट्ट होऊन डोम जखडतो, ते साफ करून मोजून नवीन भरलं की बरेच ट्वीटर परत येतात. तुमच्या कोनमध्ये ते असण्याची शक्यता कमी.)

आता कॅपेसिटरकडे येऊ. समजा त्यावर ४.७ मायक्रोफॅरड लिहिलंय. ८ ओहमच्या ट्वीटरबरोबर तो साधारण ४२०० हर्ट्झला क्रॉस करतो, म्हणजे त्याखालचे सूर ट्वीटरकडे कमी कमी जातात. आता तुम्ही एखादा छान रिव्ह्यू असलेला ४ ओहमचा डोम आणून त्याच वायरींना जोडला तर क्रॉसओव्हर सरळ ८५०० हर्ट्झच्या आसपास जातो! मी स्वतः हे केलंय. पहिल्यांदा जुने स्पीकर उघडले तेव्हा महागातला ४ ओहमचा डोम लावला, दोन महिने गायकांचे आवाज पोकळ वाटत राहिले, व्हायोलिनचं अंगच गेलं, आणि मी दोष वूफरला देत होतो. दोष होता तो ४००० ते ८००० मधल्या खड्ड्याचा. ८ इंची वूफर २००० हर्ट्झच्या वर आवाज समोरच्या दिशेला गोळा करायला लागतो, त्यामुळे बाजूला बसून ऐकलं तर तो खड्डा अजूनच खोल वाटतो. म्हणून इम्पिडन्स (ओहमचा आकडा) जुन्याइतकाच घ्या, नाहीतर कॅपेसिटर बदलायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला किती मोठा आवाज निघतो ते, आणि इथे आकडे वाचताना फसगत होते. ज्या आकड्यापुढे २.८३ व्होल्ट लिहिलंय तो ८ ओहमला १ वॉट असतो पण ४ ओहमला २ वॉट होतो, म्हणजे ४ ओहमवाला ट्वीटर कागदावर फुकटात ३ डेसिबल जास्त दिसतो. नियम एकच लक्षात ठेवा, ट्वीटर वूफरपेक्षा जास्त सेन्सिटिव्ह असला तर कमी करता येतो, कमी असला तर पॅसिव्ह क्रॉसओव्हरमध्ये काहीही करून वाढवता येत नाही. वूफर ८९ डेसिबलचा असेल तर ट्वीटर ९१-९२ चा घ्या आणि एल-पॅडने (एक सिरीज, एक समांतर अशा दोन रेझिस्टरच्या जोडीने) उतरवा. ८ ओहमला ३ डेसिबल उतरवायचे तर गणिताने २.३४ ओहम सिरीजमध्ये आणि १९.४ ओहम ट्वीटरला समांतर येतात, बाजारात मिळणारे २.२ आणि २० चालतात. दोन्ही रेझिस्टर लावल्यामुळे कॅपेसिटरला पुढे ८ ओहमच दिसत राहतात आणि क्रॉसओव्हर हलत नाही. नुसता एक सिरीज रेझिस्टर लावला तर तो हलतो, पण त्याचाही उपयोग करता येतो: ४ ओहमच्या ट्वीटरला ४ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये दिला की कॅपेसिटरला पुन्हा ८ दिसतात आणि आवाज ६ डेसिबल उतरतो. ट्वीटर तेवढा सेन्सिटिव्ह असेल तरच हे करा.

तिसरी गोष्ट ट्वीटरची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथे डोम आपोआपच सहज थरथरतो ती, आणि एकाच कॅपेसिटरच्या डिझाइनमध्ये मी सगळ्यात जास्त वजन हिला देतो कारण ट्वीटर इथेच जळतात. एक कॅपेसिटर म्हणजे ऑक्टेव्हमागे (फ्रिक्वेन्सी दर वेळी निम्मी होताना) फक्त ६ डेसिबल. ४२०० ला क्रॉस केलं तरी १०५० हर्ट्झला सिग्नल जेमतेम १२ डेसिबल खाली आलेला असतो. आणि तेवढ्याच आवाजासाठी डोमला एक ऑक्टेव्ह खाली गेलं की चौपट हलावं लागतं. कॅपेसिटर सिग्नल निम्मा करतो म्हणजे रेझोनन्सपर्यंत डोमचं हलणं दर ऑक्टेव्हला दुप्पट वाढतच जातं, शिवाय रेझोनन्सपाशी इम्पिडन्सचा उंचवटा येतो तिथे कॅपेसिटरची पकड अजून ढिली होते. त्यामुळे १५०० हर्ट्झ रेझोनन्सवाला छोटासा डोम, किती का गोड वाजेना, इथे नको. मागे चेंबर असलेले २५ ते २८ मिलिमीटरचे डोम ५०० ते ७०० हर्ट्झ रेझोनन्सचे मिळतात, ते बघा. क्रॉसओव्हर रेझोनन्सच्या चौपट वर राहिला तर निर्धास्त. तसा ट्वीटर मिळत नसेल तर एक कॉइल समांतर टाकून १२ डेसिबलचा उतार करता येतो, ८ ओहम आणि ४००० हर्ट्झला पुस्तकी आकडे ३.५ मायक्रोफॅरड आणि ०.४५ मिलिहेन्री असे येतात, पण मग पोलॅरिटी (वायरींचं प्लस-मायनस) पुन्हा तपासावी लागते आणि स्पीकरचा मूळ स्वभावही बदलतो.

आता सिल्क की मेटल. "मेटल म्हणजे कर्कश" हे मला पटत नाही. २५ मिलिमीटरच्या चांगल्या ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम डोमचा ब्रेकअप (डोम स्वतःच वाकून थरथरायला लागतो ती जागा) २५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तो कानाला ऐकू येत नाही. जुन्या खोक्यात मेटल डोम टोचतो तो बहुतेक वेळा न उतरवलेल्या ३-४ डेसिबलमुळे आणि खालून घुसलेल्या सिग्नलमुळे. तरीही तुमच्या केसमध्ये मी सिल्क घेईन, कारण कागदी वूफरला वरती काही फिल्टर नसेल तर त्याचा आणि ट्वीटरचा आवाज बराच वेळ एकमेकांवर चढलेला असतो आणि सिल्कसारखा सॉफ्ट डोम त्याच्यात जास्त सहज मिसळतो असा माझ्या कानांचा अनुभव आहे. कागदी कोनला मात्र हलकं समजू नका. जेबीएलचा जुना एल१०० कोन ट्वीटरवरच उभा आहे आणि त्यातही वूफरला कॉइल नाही, मिड (मधले सूर वाजवणारा भाग) आणि ट्वीटरला फक्त कॅपेसिटर. स्पीकर नामांकित असेल आणि मूळ आवाज हवा असेल तर त्याच मॉडेलचा चालू ट्वीटर शोधणं हाच सगळ्यात चांगला मार्ग. कोनची अडचण एवढीच की वरच्या टोकाला तो फार सरळ रेषेत वाजतो, खुर्ची हलवली की झांज गायब. पिएझो (कॉइलऐवजी सिरॅमिक चकतीने वाजणारा) ट्वीटर या कामाला नकोच.

बसवताना लाकूड कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. आजच्या बऱ्याच डोमची प्लेट १०४ मिलिमीटरची असते, जुन्या भोकाला ती बसत नसेल तर ॲडॉप्टर रिंग करून घ्या आणि खाली फोमची गॅस्केट द्या म्हणजे हवा गळणार नाही. ट्वीटरभोवती फेल्टच्या पट्ट्या असतील तर त्या काढू नका, बीबीसीच्या एलएस३/५ए स्पीकरमध्ये टी२७ ट्वीटरभोवती फेल्ट आहे ते कडांवरून परतणारा आवाज शोषायला, शोभेला नाही. ट्वीटर दोन्हीकडे एकाच जातीचे टाका.

पहिल्यांदा वाजवताना ट्वीटरला सिरीजमध्ये ४७ मायक्रोफॅरड जास्तीचा लावा, वायरिंग चुकली तरी कॉइल वाचेल. मग जमल्यास मेजरमेंट माइक आणि आरईडब्ल्यू (मोजमापाचं सॉफ्टवेअर) घेऊन १ मीटरवर मोजा, ट्वीटरच्या वायरी उलटसुलट करून क्रॉसओव्हरपाशी कुठे खड्डा कमी पडतो ते बघा आणि तशीच ठेवा. इलेक्ट्रोलायटिक काढून फिल्म कॅपेसिटर टाकल्यावर वरचा आवाज जरा जास्त उघडा वाटला तर ०.३ ते ०.५ ओहम सिरीजमध्ये देऊन बघा, जुन्या कॅपेसिटरचा तेवढा रेझिस्टन्स मूळ डिझाइनमध्ये धरलेला असू शकतो.

तर काही मागवायच्या आधी मला एवढं कळवा: कॅपेसिटरवरची व्हॅल्यू, चालू ट्वीटरचं मल्टिमीटरवरचं रीडिंग, भोकाचा व्यास, आणि वूफरच्या वायरीत कुठे तांब्याची कॉइल दिसते का. मग नेमका कुठल्या रेझोनन्सचा आणि किती सेन्सिटिव्हिटीचा डोम शोधायचा आणि एल-पॅडला कुठले रेझिस्टर लागतील ते मी हिशोब करून देतो.