घरचंच जेवण, रोज चालणं, तरी वजन हलत नाही: काय बदलू?

तुम्ही प्रश्नात दिलेले आकडे आधी मांडतो, पुढचं गणित त्यावरच करायचं आहे. वय ४२, उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो. घरात चौघं, स्वयंपाक सगळ्यांचा एकच आणि तो तुम्हीच करता. तीन महिने रोज पाऊण तास चालणं, बाहेरचं खाणं बंद, रात्रीचा भात बंद. उतरलं जेमतेम एक किलो. जिम नको, स्वतःसाठी वेगळं शिजवणंही नको.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २९ च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे वजन उतरवायला हवं हे खरं. पण भातावर राग काढण्याआधी महिन्याला घरात तेल किती येतं ते बघा.

चौघांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल (बऱ्याच घरांत संपतो), तर हिशेब असा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, अंदाजे ३४० कॅलरी. तूप, दाण्याचा कूट आणि खोबरं यात धरलेलंच नाही. तुमच्या वजनाच्या व्यक्तीने पाऊण तासात साडेतीन किलोमीटर चाललं, तर बसून राहण्याच्या तुलनेत जास्तीचा खर्च होतो सुमारे १३० ते १५० कॅलरी. हे वाचून चालणं सोडू नका, त्याचे फायदे वेगळे आहेत. पण वजन का हलत नाही याचं उत्तर बऱ्यापैकी इथेच मिळतं.

डबा निम्म्यावर आणा. दर रविवारी ६०० मिली तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचं आणि आठवडा त्यातच भागवायचं. रोजचे चौघांत मिळून साधारण १७ छोटे चमचे होतात (चमचा म्हणजे ५ मिलीचा, आमटीच्या पळीएवढा नव्हे). वाटणी अशी बसते: सकाळ-संध्याकाळच्या भाज्यांना चार-चार, दोन्ही वेळच्या वरण-आमटीच्या फोडणीला दोन-दोन, नाश्त्याला चार, पोळ्यांच्या घडीला उरलेला एक. बाटली गुरुवारीच संपली तर तेल नक्की कुठे जातं तेही कळेल; बहुतेक वेळा ते नाश्त्यात आणि एखाद्या तळणीत सापडतं. मुलं लहान, वाढत्या वयाची असतील तर त्यांचं तूप-दूध कमी करायचं नाही. ते त्यांच्या ताटात वरून वाढा.

तेल कमी केल्यावर भाजी बिघडते ती ठरावीक जागी. मोठ्या कढईत दोन चमचे तेल तळाशी पसरतं, मोहरी बुडत नाही, ती नीट तडतडायच्या आत जळते, आणि हात आपोआप पुन्हा तेलाच्या भांड्याकडे जातो. फोडणी छोट्या कढल्यात करा. तिथे दोन चमचे तेलाची खोली मिळते, मोहरी-हिंग-हळद नीट फुलते, मग ती भाजीवर ओता. भाजी कोरडी पडून लागू नये म्हणून कढईवर खोलगट ताटली ठेवून त्यात पाणी घाला. आतली वाफ त्या ताटलीला लागून परत भाजीत उतरते. गवार, कोबी, फ्लॉवर, दोडका याच पद्धतीने होतात. लागलंच तर ताटलीतलं गरम झालेलं पाणी चमचाभर आत टाकायचं. पोह्यांनाही झाकण आणि पाण्याचा हबका पुरतो. भरली वांगी आणि पिठलं मात्र कमी तेलात तितकंसं जमत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. त्या दिवशी दुसरी भाजी न करता वाटीभर कोशिंबीर करा.

कुटाचंही तसंच. मोठा चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम कूट घातला की ५५-५७ कॅलरी वाढतात. शेंगदाणा चांगलाच आहे, पण कोशिंबिरीत, भाजीत, आमटीत आणि शिवाय चटणीत असा तो दिवसातून चारदा पडतो आणि कुणाच्या हिशेबात नसतो. एका वेळी एकाच पदार्थात घाला.

आता भात. वाटीभर शिजलेला भात आणि तेल लावलेली एक घडीची पोळी, दोन्ही १३० कॅलरींच्या आसपास. तुम्ही भात बंद करून त्याजागी एक-दोन पोळ्या वाढवल्या असतील तर हिशेब आहे तिथेच, कदाचित थोडा वरच. भाकरीबद्दल एक मोठा गैरसमज आहे: ती ‘हलकी’ म्हणून कितीही चालते. थापलेली मोठी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे जवळपास अडीचशे कॅलरी, दोन पोळ्यांएवढी. एकदाच वजनकाट्यावर पीठ मोजून ५० ग्रॅमची भाकरी थापून बघा, किती छोटी होते ते डोळ्यांना कळू द्या. नंतर रोज मोजायची गरज नाही. दुपारी दोन पोळ्या, रात्री एक लहान भाकरी किंवा वाटीभर भात, एवढं तुम्हाला पुरावं. रात्रीचा भात आवडत असेल तर परत सुरू करा, वरण दाट ठेवून आणि वर एक छोटा चमचा तूप घेऊन. त्या ५ ग्रॅम तुपाच्या ४५ कॅलरींनी काही बिघडत नाही.

पोळी-भात कमी केल्यावर पोट भरायचं कशाने, हा खरा प्रश्न आहे. सगळे इथेच अडकतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला अशी भूक लागते की चिवड्याचा डबा हातात येतो. शेव-फरसाणाची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, सकाळचं चालणं तिथे संपलं. या भुकेवर उपाय प्रथिनांचा. तुम्हाला रोज ६५-७० ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन्ही वेळ पातळ वरण, पोळी आणि भाजी एवढ्यावर गाडी बहुधा चाळीस-एक ग्रॅमवरच अडकते. ती अशी वाढवता येतील:

सकाळी ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटलेली धिरडी, किंवा दोन अंडी. दुपारी दोन पोळ्या, कच्ची ४० ग्रॅम मोजून भिजवलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, भाजी, दीड वाटी दही. पाच वाजता ३० ग्रॅम फुटाणे आणि चहा. रात्री भाकरी किंवा भात, माणशी ४० ग्रॅम डाळीचं दाट वरण, भाजी आणि २५ ग्रॅम सोयाबीन वड्या किंवा ५० ग्रॅम पनीर. मासे-चिकन खात असाल तर रात्रीच्या वरणाऐवजी १०० ग्रॅम मासा, भाजलेला किंवा कालवणातला. खोबऱ्याचं वाटण निम्मं. मधे एक फळ.

हे सगळं वरच्या तेलासकट दीड हजार ते सोळाशे कॅलरींत बसतं. तुमची सध्याची गरज चालणं धरून दोन हजारांच्या आसपास असावी. चारशे-पाचशेची तूट म्हणजे आठवड्याला ३०० ते ५०० ग्रॅम. यापेक्षा घाई करू नका: फार भराभर वजन उतरवलं की स्नायू जातात, केस गळतात, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. ताट वाढताना एवढंच बघा की डावी बाजू, म्हणजे कोशिंबीर, चमचाभर न राहता वाटीभर व्हावी आणि भाजी-कोशिंबीर मिळून निम्मं ताट भरावं. उसळी-सोयाबीन एकदम वाढवल्यावर पहिला आठवडा गॅसेस होतील. मोड आणून, नीट शिजवून, हिंग घालून, निम्म्या प्रमाणापासून सुरुवात करा.

चहा दिवसातून चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर नुसत्या साखरेच्या दीडशे कॅलरी होतात. दोन कपांवर या, साखर पंधरा दिवसांत निम्मी करा. जीभ सवय करून घेते. सोबतचे टोस्ट-खारी बंद. सकाळचं लिंबू-मधाचं पाणी आवडत असेल तर जरूर घ्या, पण मोठा चमचाभर मध म्हणजे ६० कॅलरी आणि त्याने चरबी विरघळत नाही. जिरं, ओवा, दालचिनीचंही तेच.

उपास करत असाल तर त्याचाही हिशेब हवा. एका बशीभर खिचडीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, मोठा चमचाभर तूप आणि बटाटा धरला तर पाचशे कॅलरी होतात आणि तासा-दोन तासांत परत भूक. संकष्टीला उकडलेलं रताळं, दही-काकडी, ताक, राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध असा बेत ठेवलात तर उपासही होतो.

दीक्षित की दिवेकर, हे कुणीतरी खाली विचारेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं असतं. ती लागू पडते तेव्हा मुख्यतः मधलं खाणं आणि साखरेचा चहा सुटल्यामुळे लागू पडते. त्या दोन जेवणांत चार जेवणं भरली तर नाही पडत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा भर घरच्या, स्थानिक अन्नावर आहे आणि तो रास्त आहे, पण प्रमाण तिथेही सुटत नाही. जी पद्धत तुम्हाला वर्षभर जमेल ती घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरल्यावर कमी कराव्या लागू शकतात, त्यासुद्धा त्यांनीच.

व्यायामात तुमचं चालणं ठेवा, फक्त वेग बघा. मिनिटाला शंभर पावलं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम. पाऊण तासातली वीस मिनिटं तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश अशी करा. पावसाळ्यात जिना आहेच.

चालण्याने न होणारं काम म्हणजे स्नायू टिकवणं. चाळिशीनंतर ते असेही कमी होत जातात, आणि खाणं कमी केल्यावर चरबीबरोबर त्यांच्यावरही गदा येते. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, २५ मिनिटं घरात ताकदीचा व्यायाम. खुर्चीवर टेकून उठण्याच्या बैठका १०. भिंतीला हात लावून जोर १०. पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर उचलणं १२. सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी घालून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवत सॅक पोटाकडे ओढणं १०. पायरीच्या कडेवर टाचा उचलणं १५. हे सगळं तीन वेळा, मधे मिनिटभर विश्रांती. शेवटचा आकडा जड जायला हवा, पण अजून दोन निघाले असते असं वाटावं. सहज जमायला लागलं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, भिंतीऐवजी ओट्याची कड, सॅकमध्ये आणखी दोन किलो. बैठकीत गुडघा दुखला तर आधी बूड मागे न्या, मग गुडघे वाका. तरी दुखलं तर खुर्ची उंच घ्या. सूर्यनमस्कार घालत असाल तर घाला, पण बारा नमस्कार पाच-सहा मिनिटांत संपतात आणि त्यात एखाद्या मारी बिस्किटाएवढीच ऊर्जा जाते. पोटाच्या व्यायामांनी किंवा घाम आणणाऱ्या पट्ट्याने फक्त पोटावरची चरबी उतरत नाही.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा. रोज करून आठवड्याची सरासरी लिहा, एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. खारट जेवण किंवा पाळीच्या आधीचे दिवस एक-दीड किलो सहज इकडचं तिकडे करतात, ते पाणी असतं. पहिल्या आठवड्यात एकदम किलोभर उतरेल तेही बरंचसं पाणीच. याउलट ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंत पाणी धरतं आणि काटा अर्धा किलो वरही जातो. पुष्कळ जण नेमके तेव्हाच व्यायाम सोडतात. म्हणून महिन्यातून दोनदा कंबरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. बायकांसाठी ८० सेंमीच्या आत हवी.

सुरुवातीलाच टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड कमी निघाला तर गोळी घ्यावी लागेल, पण त्यामुळे वाढलेलं वजन सहसा दोन-पाच किलोच असतं आणि त्यातलं बरंच पाणी. बाकीचं ताटातच शोधावं लागतं. चालताना छातीत दडपण येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

पाच-सहा किलो उतरल्यावर गाडी अडेल. हलक्या शरीराला कमी लागतं, आणि तोवर बाटलीचा नेमही ढिला पडलेला असतो. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर खाणं आणखी तोडायच्या आधी चार दिवस पुन्हा सगळं मोजा: तेल, पीठ, डाळ, कूट, आणि मुलांच्या ताटात उरलेलं म्हणून संपवलेलंही. त्यातून काही सापडलं नाही, तरच रोजची अर्धी पोळी कमी करा आणि रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं जोडा.