लिस्बनला 5 दिवस, सोबत सत्तरीतले सासू-सासरे: सहल कशी आखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 5 दिवस, तुम्ही दोघं आणि सासू-सासरे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, चौघंही शाकाहारी. यादीत पोर्तुगालमधली ही ठिकाणं: लिस्बन, महालांचं गाव सिंत्रा, समुद्राकाठचं टोक काबो दा रोका, ख्रिस्ती तीर्थक्षेत्र फातिमा आणि पोर्तो शहर. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं लिस्बनमध्ये राहिले. त्या काळात माझे आई-बाबा वसईहून येऊन महिनाभर राहून गेले. आईचे गुडघेही तुमच्या सासूबाईंसारखेच, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पोर्तो आणि फातिमा यादीतून काढून टाका. पोर्तोला रेल्वेने एका बाजूचे जवळपास 3 तास जातात. सकाळी जाऊन रात्री परत यायचं म्हटलं तर सासू-सासऱ्यांच्या वाट्याला फक्त स्टेशनं येतील. 5 दिवसांतले 4 लिस्बनला आणि 1 सिंत्राला द्या. तेवढ्यातही बरंच राहून जाईल आणि ते चालेल.

आता खरी गोष्ट. लिस्बन नकाशावर बघून आखायचं शहर नाही. नकाशा म्हणतो अर्धा किलोमीटर, प्रत्यक्षात तो अर्धा किलोमीटर म्हणजे गडाची चढण असते. सात टेकड्यांचं शहर म्हणतात ते काही उगीच नाही. त्यात रस्ते आणि फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे. दिसायला इतके सुंदर की माणूस खाली बघतच चालतो, पण पावसाची एक सर आली की त्यांचा साबण होतो. पहिल्याच आठवड्यात आईचा पाय घसरला, मनगट मुरगळलं आणि चार दिवस घरात गेले. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला: चढ यंत्राने, उतार पायाने. आणि रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे बूट. सँडल अजिबात नको.

यंत्रं कुठली ते सांगते, कारण पर्यटकांना ती सहसा ठाऊक नसतात. बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनमधले सरकते जिने लागोपाठ तुम्हाला सखल बाइशातून थेट वरच्या शियादूत आणून सोडतात. किल्ल्याच्या बाजूला रुआ दोस फांकेइरोस नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत महापालिकेची फुकट लिफ्ट आहे. ती एक टप्पा वर नेते. तिथून थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती किल्ल्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर काढते. तेवढंही चालवत नसेल तर प्रासा दा फिगेइराहून 737 नंबरची छोटी बस किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. सांता जुस्ताची ती प्रसिद्ध लोखंडी लिफ्ट (1902 ची) खालून सुंदर दिसते, पण तिची रांग तास-तासभर हलत नाही. शियादूतून कार्मोच्या चौकात गेलात तर तिच्या वरच्या पुलाशी आपोआप पोचता. ग्लोरिया नावाची, दोरीवर चढणारी पिवळी गाडी जुन्या पुस्तकांत दिसेल. सप्टेंबर 2025 मध्ये तिचा भीषण अपघात होऊन 16 जण गेले आणि ती बंद केली गेली. तिच्या भरवशावर काही आखू नका.

म्हणजे किल्ल्याचा दिवस असा: सकाळी बसने वर, साओ जॉर्ज किल्ला बघायचा. 1147 मध्ये अफोंसो हेन्रिक राजाने तो मूर लोकांकडून घेतला आणि शहर ख्रिस्ती राजवटीखाली आलं. मग सावकाश उतरत पोर्ताश दो सोल आणि सांता लुझियाच्या कट्ट्यांवर बसायचं, खाली आल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौलं आणि पलीकडे खाडीएवढी रुंद तेजो नदी. आणखी उतरलं की कॅथेड्रल, आणि त्याला लागून संत अँटनीचं छोटं चर्च, त्यांचा जन्म झाला त्या जागेवर. वसई-गोव्याकडचे लोक ज्या सांत अंतोनला मानतात ते हेच, मूळचे लिस्बनचे. 28 नंबरच्या ट्रॅमचा हट्ट असेल तर मार्तिम मोनिझच्या गर्दीत उभं न राहता दुसऱ्या टोकाहून, कांपो दे ओरीकहून बसा, तेही सकाळी लवकर. पिशवी पोटाशी धरा. खिसेकापूंना ही ट्रॅम फार आवडते.

बेलेमला मात्र पूर्ण दिवस द्या. तो भाग नदीकाठी आणि सपाट आहे, सासूबाई स्वतःच्या पायांनी मजेत हिंडतील. काइस दो सोद्रेहून लोकल किंवा 15 नंबरची ट्रॅम. सोमवार टाळा, जेरोनिमॉस मठ त्या दिवशी बंद असतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि उघडायच्या वेळीच पोचा.

लोक तिथे सुबक दगडी नक्षी बघतात, फोटो काढतात, निघतात. आपल्याकडच्या माणसाने तिथे थोडं जास्त थांबावं असं मला मनापासून वाटतं. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची कबर आहे. गामा 1524 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, तिथेच पुरला गेला. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले आणि 1880 मध्ये या मठात. बाबा त्या कबरीपाशी बराच वेळ उभे होते. मग वाकून दगडावर कोरलेला एक गोल बघू लागले: कड्यांवर कडी असलेला, जुन्या खगोल यंत्राचा. म्हणाले, "हा तर आपल्या बालेकिल्ल्याच्या दरवाजावर आहे." वसईच्या किल्ल्यात त्यांचं बालपण गेलं, विटी-दांडू खेळताना तो गोल रोज डोक्यावर असायचा आणि तो काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते मानुएल राजाचं चिन्ह. त्यानंतर उरलेला महिना बाबा शहरात जिथे तिथे तो गोल शोधायचे: दारांवर, खांबांवर, अगदी आजच्या पोर्तुगालच्या झेंड्यावरही तो आहेच. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर निघण्याआधी त्यांना एकदा वसई दाखवा. 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी घेतलेली ती जागा बघून आलेल्या माणसाला बेलेम वेगळंच दिसतं.

मठाच्या पुढे नदीकाठचा बुरूज. आत चढू नका, जिना अरुंद आणि गोल आहे, गुडघ्यांना झेपणार नाही. बाहेरून वायव्येकडच्या कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली बघा, झिजलेलं एक डोकं दिसेल. ते गेंड्याचं आहे, आणि गेंडा आपल्याकडून गेलेला. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो दे आल्बुकेर्कला भेट दिला, आल्बुकेर्कने 1515 च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो इथे, याच काठावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. जर्मनीत ड्यूरर या चित्रकाराने तो न बघता, नुसत्या वर्णनावरून त्याचं चित्र केलं आणि ते जगभर गेलं. राजाने पुढे गेंडा पोपला भेट पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेलं ते जनावर वाचलं नाही. दगडात एवढंसं तोंड उरलंय, नाकाडही धड राहिलेलं नाही. आई ते बघून काही बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली, "चार-पाच महिने बोटीत उभं होतं बिचारं."

बेलेमची अंड्याची गोड टार्ट 1837 पासून एकाच दुकानात होतात, गरम, वर दालचिनी आणि पिठीसाखर. पण आत अंड्याचा बलक असतो, हे सासूबाईंना आधी सांगा.

तिसरा दिवस भूकंपाचा. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. धरणीकंप झाला, लोक मोकळं म्हणून नदीकाठी धावले, तर नदीच अंगावर आली, आणि वर आग कित्येक दिवस जळत राहिली. आज सरळ रेषेतले जे बाइशाचे रस्ते दिसतात ते त्यानंतर राजाचा मंत्री मार्केश दे पोम्बालने नव्याने आखले, भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालून, म्हणजे पुढच्या धक्क्याला घर हलेल पण कोसळणार नाही. हे समजून घेऊन मगच कार्मोच्या मठात जा. कमानी उभ्या, छप्पर नाही, वर नुसतं आभाळ. रोसिओ चौकाजवळचं साओ दोमिंगोसही चुकवू नका. ते 1959 मध्ये आगीत जळालं आणि दुरुस्त करताना खांबांवरचे तडे मुद्दाम तसेच ठेवलेत. दाराबाहेर 1506 मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, तिथेही दोन मिनिटं थांबा. वेळ उरला तर टाइलचं संग्रहालय: भूकंपाआधीचं अख्खं लिस्बन निळ्या टाइलवर, सुमारे 23 मीटर लांब. तिथे किंवा बेलेमला डागडुजी चालू नाही ना, हे तारखा ठरल्या की त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

सिंत्रा: रोसिओहून लोकल, चाळीसेक मिनिटं. पेना महालाचं वेळेचं तिकीट आधी काढा, स्टेशनवरून 434 बस वर जाते. लिस्बनमध्ये घाम येत असला तरी वर धुकं आणि वारा असतो, सासूबाईंची शाल घ्या. एक महाल आणि गावातला फेरफटका, बस. काबो दा रोका हे युरोप खंडाच्या भूमीचं पश्चिम टोक खरं, पण त्याच दिवशी कोंबलंत तर पेना घाईत उरकावा लागेल. मी ते सोडून देईन.

जेवणाचं. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हसून परत करा, कोणी रागावत नाही. कोबीसारख्या पानांच्या हिरव्या सुपात सॉसेजची चकती असते, आधी विचारा. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय उपखंडातली दुकानं आणि खानावळी भरपूर आहेत. घरासारखं जेवण हवं असेल तर शहराच्या उत्तरेला राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी उभं केलेलं, तिथे शाकाहारी थाळी मिळते. बाजारात सासऱ्यांना पाट्या वाचू द्या. बटाट्याला बटाटाच म्हणतात, अननसाला अननस, चावी, पाव, लिलाव हे शब्दही इथूनच आपल्याकडे आलेत. बाबांना त्याचा फार आनंद व्हायचा.

जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी दोन तास बिनधास्त झोपा आणि सहाला परत बाहेर पडा. एका संध्याकाळी काइस दो सोद्रेहून काशिल्यासची फेरीबोट घ्या. पैसे किरकोळ, वेळ दहा मिनिटं, आणि परतताना अख्खं शहर समोरून दिसतं. व्हिसा शेंगेनचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट पटकन संपतात, म्हणून आजच बघा. प्रवासविम्याचं कवच किमान 30,000 युरोचं लागतं.

आता तुमच्या तारखांबद्दल. 10 जूनला राष्ट्रीय सुट्टी आणि 13 जूनला संत अँटनीचा सण, त्यामुळे या दोन दिवशी काय उघडं आहे ते आधी बघा. 12 च्या रात्री आल्फामात पहाटेपर्यंत गाणी आणि गल्लोगल्ली सार्डिन भाजल्याचा धूर असतो, म्हणून राहायची जागा तिथे घेऊ नका. बाइशात मेट्रोजवळ घ्या. पण 12 ला सकाळी आल्फामात जरूर जा. दारोदारी छोट्या कुंड्या विकायला असतात, गोल कापलेल्या, बारीक पानांच्या, कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेल्या. ते मांजेरिको, आपल्या तुळशीच्या कुळातलं. त्याला नाक लावायचं नसतं, झाड कोमेजतं म्हणतात. तळहात अलगद वरून फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. विकणाऱ्या आजीने आईचा हात धरून तसं करून दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने कुंडी घेतली, खिडकीत ठेवली आणि निघायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी अंघोळ झाल्यावर तिला पाणी घातलं.